ताऱ्यापुरती जागा

एकतीस वर्षं रोज ओढलेला खण त्या सोमवारी सकाळी उघडेना. तिनं नेहमीसारखी दोन बोटं पितळी कडीत घातली, नेहमीसारखा मनगटाला हलका झटका दिला, आणि खण जागचा हलला नाही. आधी तिला वाटलं, आपलंच मनगट. अठ्ठावन्न वर्षांच्या मनगटाचा काय भरवसा. तिनं दुसरा हात लावला. तेव्हा खालच्या फटीतून पाण्याचा एक थेंब बाहेर आला, क्षणभर लोंबकळला आणि तिच्या चपलेवर पडला. थेंब निळा होता. कपाटातून निळं पाणी येत नाही, शाईतून येतं, एवढं तिला कळलं. ती तशीच उभी राहिली, कडीत बोटं अडकवून.

सुतारानं मागची फळी काढून खण बाहेर आणला. रविवारच्या सुट्टीत वरच्या मजल्यावर नळ फुटला होता आणि पाणी भिंतीतून वाट काढत नेमकं याच कपाटावर उतरलं होतं. बहात्तर खणांपैकी एकच भिजला. एकशे चौऱ्याऐंशी कार्डं ओल्या पावासारखी फुगून एकजीव झाली होती. "बाकीचे एकाहत्तर ठणठणीत आहेत, बाई," सुतार समजूत घालत म्हणाला. तिनं मान हलवली. भला माणूस होता. भरल्या घरातलं एक माणूस गेल्यावर बाकीची मोजून दाखवतात, ते काय वाईट हेतूनं नसतं.

त्या कचेरीत एक कोश तयार होत होता, आणि तो होता कुणी कधीच न लिहिलेल्या शब्दांचा. हे ऐकून नवीन माणूस हसतो. हसू द्यावं आणि मग सावकाश सांगावं. समजा, एका घराण्यात आठ-दहा नाती आहेत. त्यांच्या पणजीचा फोटो कुणी काढलेला नाही. पण नाती चार गावांना राहतात, एकमेकींना भेटतही नाहीत, आणि तरी सगळ्यांच्या हनुवटीला खळी आहे. तर पणजीच्या हनुवटीला खळी होती हे सांगायला फोटो कशाला हवा? दीड हजार वर्षांपूर्वी नद्यांच्या आणि दाट रानांच्या एका थंड मुलखात लोक एक भाषा बोलत असत. ती लिहून ठेवायची सवय लागेपर्यंत तिच्या लेकी वेगवेगळ्या घरी नांदायला निघाल्या होत्या. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन या त्या घरांतल्या नाती. त्यांच्या खळ्या जुळवून पणजीचा चेहरा काढायचा, हा या कचेरीचा धंदा. आणि भिजलेल्या खणात होतं एकच क्रियापद. गाडीत घालून वाहून नेणे, एवढाच त्याचा अर्थ. वेझों, मी वाहतो. वेझेशि, तू वाहतोस. वेझेति, तो वाहतो. दोघंच असतील तर त्यांच्यासाठी निराळं रूप, वेझेवे, आम्ही दोघं वाहतो. शेजारी संस्कृतातलं वहामि, वहसि, वहति ठेवलं की दोन चाकं एकाच आसावर फिरताना दिसावीत तसं होतं, आणि त्यांच्याही मागे, फार मागे, अंधारात एक खापरपणजी बसलेली दिसते. आपण आजही ओझं वाहतो तेव्हा तिचाच शब्द तोंडात असतो. तिला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि सांगणारे होते थोरले.

थोरले म्हणजे कोशाचे आधीचे संपादक. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. माणूस बुटका, आवाज बारीक, आणि धाक असा की त्यांच्या खोलीपुढून जाताना शिपाई चपला हातात घेई. त्यांचा एक नियम होता. जे डोळ्यांनी पाहिलं नाही, नुसतं ताडलं, त्याच्यापुढे तारा काढायचा. हा नियम जगभर सगळेच पाळतात, पण थोरले तारा पेन्सिलनं काढत. बाकी सगळं शाईनं, तारा मात्र पेन्सिलनं. "उद्या कुणाला हा शब्द कुठे कोरलेला, लिहिलेला सापडला, तर बिचाऱ्याला तारा खोडता आला पाहिजे," असं म्हणत. दीड हजार वर्षांपूर्वीचा शब्द उद्या सापडेल म्हणून खोडरबराची सोय करून ठेवणारा माणूस. ती त्यांना भीत असे आणि संध्याकाळी घरी जाताना त्यांच्याच बारीक आवाजात वेझों, वेझेशि पुटपुटत असे.

नवे संपादक वाईट नव्हते. तरुण होते, हसतमुख होते, आणि त्यांच्यामागे छापखाना लागला होता. खणाची बातमी ऐकून त्यांनी आधी वेळापत्रक पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम, शुक्रवारी संध्याकाळी पानं जायची आहेत. या नोंदीला आपण चार पानं ठेवली होती. आता तीन ओळी देऊ. अर्थ, मूळ धातू, बस. रूपांचा तक्ता काढून टाकू."

"तक्ता का?"

"पुरावा कुठाय? कार्डंच नाहीत. उद्या मंडळानं विचारलं, ही रूपं कशावरून, तर मी काय ओला पाव दाखवू?"

"कार्डं मी परत उभी करते."

"आठवणीनं?"

"आठवणीनं नाही. या कार्डांच्या नकला तीन ठिकाणी आहेत. टाइप केलेली एक, शब्द शेवटच्या अक्षरावरून लावलेल्या उलट्या सूचीच्या खणात. एक माझ्या हातची, नोंदीच्या कच्च्या खर्ड्यात. आणि थोडी 'वोझु'च्या खणात, गाडीच्या शब्दाखाली, आपल्या जुन्या भाषांतरकारानं उतरवलेली. तिन्ही अपुऱ्या आहेत, तिन्हींत चुका आहेत. पण तिन्ही एकाच आईच्या. त्यावरून आई काढायची. आपण इथे दुसरं काय करतो?"

ते हसले, पण डोळ्यांनी नाही. "आणि तुम्ही काढलेली आई खरी कशावरून?"

याचं उत्तर तिनं आधी ठरवलेलं नव्हतं. ते तोंडातून आलं, आणि आल्यावर तिला स्वतःचाच धसका बसला. कागद दुरुस्त करणाऱ्या बाईंना कचेरीत सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. गठ्ठा त्यांच्याकडे गेला होता आणि त्या म्हणाल्या होत्या की पूर्ण सुटायला दोन महिने लागतील, पण पन्नास ते एकोणसाठ या नंबरांपाशी पत्र्याची पट्टी होती, तिथली दहा कार्डं शुक्रवारपर्यंत वेगळी करता येतील. "त्या दहांवर काय आहे ते मी शुक्रवारी दुपारी बंद पाकिटात घालून देते," ती म्हणाली. "चार वाजता गठ्ठा उघडा. जुळलं तर चार पानं, तक्त्यासकट, खाली थोरल्यांचं नाव. नाही जुळलं तर तीन ओळी, आणि मी एक शब्द बोलणार नाही."

"एक शब्द नाही?" संपादक म्हणाले. "हे लेखी द्या." मग दोघंही जरा हसले, आणि ठरलं.

मंगळवार, बुधवार तिनं लांब टेबलावर काढले. तीन रांगा मांडल्या. टाइप केलेल्या रांगेत एक खोड होती, टंकलेखिका ओळीचा शेवटचा शब्द घाईत गाळी. भाषांतरकार आळशी, लांब नावांची दोन अक्षरं करून मोकळा होई. आणि तिची स्वतःची रांग, सत्तावीस वर्षांच्या मुलीचं गोल, घाबरट अक्षर, तिची खोड अशी की कळलं नाही तिथे ती जास्तच नीट लिही. प्रत्येकाची खोड वजा केली की खालून थोरले वर येत. त्यांचा स्वल्पविराम, त्यांचं "पाहा", त्यांचं कंजूष "इ." तिला वाटलं, आपण अकरा वर्षांनी त्यांच्या खोलीचं दार लोटलंय आणि ते आत लिहीतच बसलेत. एकामागून एक कार्डं उभी राहिली. पन्नास, एकावन्न, बावन्न. सत्तावन्नाव्या कार्डापाशी ती आली तेव्हा बुधवारची दुपार उतरत होती. त्या कार्डावर एका खेड्यातल्या म्हातारीचं वाक्य होतं, बर्फावरून घसरगाडीत घालून आईनं मला वाहून नेलं, आणि पुढे जुन्या बोलीसंग्रहाचं पान, दोनशे बारा. तिन्ही रांगांत दोनशे बारा. तिला बरं वाटलं. मग सहज, खरंच सहज, ती ग्रंथालयात गेली, शिडीवर चढली, वरच्या फळीवरचं ते पुस्तक काढलं. दोनशे बारा पानावर पाखरांच्या नावांची यादी होती. म्हातारी, बर्फ आणि आई दोनशे एकवीस पानावर होती.

शिडीवर उभ्या उभ्या तिला हसू आलं. थोरले चुकले. बाराचे एकवीस, एकवीसचे बारा, शाळेतल्या पोराची चूक, आणि ती तिघांनी निमूटपणे पुढे वाहून नेली. याचा अर्थ सरळ होता. सगळ्या नातींच्या कपाळावर एकच व्रण असेल तर तो पडून झालेला नसतो, जन्मानं आलेला असतो. चूक आईची. म्हणजे उभ्या केलेल्या कार्डावर बरोबर आकडा लिहायचाच नाही. दोनशे बाराच लिहायचा. कोशात दुरुस्त करायचं, कार्डावर नाही. योग्य काय ते नाही, होतं काय ते काढायचं. आणि खोटं आठवणीनं रचणारा माणूस कधी अशी चूक रचणार नाही, बरोबरच लिहील. तेव्हा पाकिटातलं तिचं सगळ्यात बळकट कार्ड हेच. ती पुस्तक परत ठेवायला हात उंच करत होती, आणि हात तसाच राहिला. ही फळी. ही शिडी. एकतीस वर्षांपूर्वी ही शिडी मोडलेली होती.

त्या दिवशी थोरल्यांनी तिला बरीच कार्डं दिली होती, प्रत्येकाचा संदर्भ मूळ पुस्तकात पाहून नक्कल करायला. तिनं सगळी पाहिली, एक सोडून. ते पुस्तक सगळ्यात वर होतं, शिडी मोडलेली, ग्रंथपाल जेवायला गेलेला, आणि थोरले पाच वाजता निघत. ती त्यांच्या टेबलापुढे उभी राहिली. ते मान वर न करता म्हणाले, "सगळी डोळ्यांनी पाहिलीत?" ती म्हणाली, "हो." त्यांनी मग मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि कार्डं ओढून घेतली. एवढंच. इतक्या वर्षांत तिला मूल झालं, मूल मोठं होऊन दूर गेलं, आई गेली, केस गेले, पण तो "हो" कुठेतरी बसून होता, बुटात शिरलेल्या खड्यासारखा, रोज नाही, पण चढावर नेमका टोचणारा. त्या मूळ कार्डावर काय होतं, कसं होतं, काही आठवत नव्हतं. आठवत होती ती फळीची उंची.

घरी नवरा भाजी चिरत बसला होता. तो चौतीस वर्षं शहरातली बस चालवून निवृत्त झालेला. लग्नात कुणीतरी विचारलं होतं, सुनबाई काय करतात, तर तो म्हणाला होता, "मी माणसं वाहतो, ती त्याचं क्रियापद वाहते." तिनं त्याला सगळं सांगितलं, 'हो' सोडून. तिघांत एकच चूक, म्हणून ती आईची. त्यानं सुरी थांबवली.

"आमच्या डेपोचं फाटक मोडलं होतं बघ एकदा. तिघा ड्रायव्हरांनी लिहून दिलं, निळ्या ट्रकनं धडक दिली. तिघांचं एकच म्हणणं. साहेब खूश. मागाहून कळलं, तिघं एकाच टेबलावर चहा पीत होते. ट्रक पाहिला होता एकानं, आणि तो आदल्या दिवशीचा होता."

"मग?"

"मग काय. ट्रक निळा होता एवढं खरं." तो परत भाजी चिरू लागला. "तुझे तिघं कुठल्या टेबलावर बसायचे?"

 भाषांतरकार तिच्याच शेजारी बसे. मान वळवून तिच्याच कागदावरून उतरवून घेई, वर म्हणे, तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे. तो साक्षीदार गेला. राहिली टंकलेखिका. तिनंही माझ्याच कार्डांवरून टाइप केलं असेल तर? मग तीन साक्षी नाहीतच. एकच आहे, मी, आणि मीच ती जिनं पाहिलं नव्हतं. थोरल्यांनी बरोबर दोनशे एकवीस लिहिलं असेल, घाईत मी आकडे फिरवले असतील, आणि माझी चूक तिघांच्या तोंडून परत माझ्याच कानावर येतेय. शुक्रवारी गठ्ठा उघडेल, थोरल्यांच्या अक्षरात दोनशे एकवीस निघेल, आणि पोथी वाचल्यासारखं सगळ्यांना कळेल की बाईंनी आई काढली नाही, आरशात पाहिलं. एक कार्ड नाही, एकशे चौऱ्याऐंशी जातील. तक्ता जाईल. वेझेति जाईल.

गुरुवारी तिनं टंकलेखिकेला फोन लावला. बाई ब्याऐंशीच्या. कचेरीत त्यांना खटखट म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

"कोण? अगं तू! अजून तिथेच? मला वाटलं तुलाही आता कार्डावर चिकटवून खणात घातलं असेल."

"दोन महिन्यांनी घालणार आहेत, निवृत्त झाले की. बाई, एक विचारायचं होतं. वेझोंची कार्डं तुम्ही कशावरून टाइप केलीत? माझ्या नकलांवरून की थोरल्यांच्या मूळ कार्डांवरून?"

"बाई गं. मी काल काय जेवले ते विचार, तेही सांगता येणार नाही. तुझं अक्षर वाचता यायचं एवढं खरं. त्यांचं म्हणजे मुंग्यांनी शाईत पाय बुडवून पळावं तसं. मी कशाला डोळे फोडून घेऊ? तुझ्याच वरून केली असतील. नाहीतर नसतीलही."

"काहीच आठवत नाही?"

"मशीन आठवतं. ई उडायची. आणि तारा नव्हता. तुमचं सगळं काम ताऱ्यांचं, आणि मशीनला ताराच नाही. अर्ज करून करून थकले. मी आपली जागा सोडायचे, तू मागून शाईनं भरायचीस. किती तारे भरलेस गं तू! हात दुखायचा तुझा."

तिनं हसून फोन ठेवला. काहीच हाती लागलं नव्हतं. संध्याकाळभर तिनं पाकिटासाठी नऊ कार्डं स्वच्छ लिहिली आणि दहावं कोरं ठेवलं. दोनशे बारा म्हणावं तर आपल्या चुकीवर पैज. दोनशे एकवीस म्हणावं तर थोरले चुकणार नाहीत या भक्तीवर. दोन्हीकडे पुरावा नाही, नुसते आपण.

शुक्रवारी सकाळी नवरा नेहमीप्रमाणे तिला कचेरीपर्यंत सोडायला निघाला. निवृत्त झाल्यापासून पायीच. रस्ते धुतलेले होते, दुकानांच्या फळ्या निघत होत्या, एक बाई खिडकीची काच वर्तमानपत्रानं पुसत होती. चपलांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर तो क्षणभर थांबला आणि परत चालू लागला. हे तो रोज करी. तिनं ते इतक्या वेळा पाहिलं होतं की ते दिसणंच बंद झालं होतं. आज ती दोन पावलं पुढे गेली आणि वळली.

"का थांबलात?"

"मी कुठे थांबलो?"

"आत्ता. इथं."

त्यानं मागे पाहिलं. कोपऱ्यावर काहीच नव्हतं, नुसता फूटपाथ. मग तो लाजल्यासारखा हसला. "इथं थांबा होता की. नऊ वर्षं झाली उठवून. पाय आपोआप दाबला जातो."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिथं काही नव्हतं, आणि काही नव्हतं म्हणूनच तिथं काय होतं ते दिसत होतं. बिनकारण थांबायची जागा. आणि एकदम, पाण्याखालून एखादी वस्तू वर यावी तसं तिच्या डोळ्यांपुढे टाइप केलेलं सत्तावन्नावं कार्ड आलं. संग्रहाचं नाव, मग "पान", मग एक जरा जास्तच मोकळी जागा, मग दोनशे बारा. तीन दिवस तिनं ते कार्ड हाताळलं होतं आणि त्या फटीला मशीनची खोड समजून पुढे गेली होती. "अहो, तुम्ही सावकाश या," ती म्हणाली आणि भर रस्त्यातून जवळजवळ पळाली. लोक वळून पाहत होते. पाहू देत.

तिनं टाइपची एकशे चौऱ्याऐंशी कार्डं एकेक करून उजेडात धरली. शब्दांपुढे तारे होते, तिनंच भरलेले, पाच टोकांचे, हात दुखेपर्यंत. पानांच्या आकड्यांपुढे कुठेही जास्तीची जागा नव्हती. फक्त सत्तावन्नाव्यावर होती. बरोबर एका ताऱ्यापुरती. खटखटबाईंनी समोर दिसलं ते केलं होतं, आकड्यापुढे तारा दिसला, मशीनला तारा नव्हता, जागा सोडली. आणि भरणारी ती स्वतः. आकड्यापुढे कधी तारा असतो का, असं म्हणून त्या वेळी भरला नसेल. थोरल्यांनी पान डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, आठवणीनं लिहिलं होतं, आणि प्रामाणिकपणे तसं सांगून ठेवलं होतं. तिच्या स्वतःच्या नकलेवर तो तारा नाही, कारण ती 'पाहून' केलेली नक्कल. म्हणजे खटखटबाईंनी तिच्यावरून टाइप केलं नव्हतं, मुंग्यांच्या पायांवरून केलं होतं. डोळे फोडून. दोन टेबलं होती. दोन साक्षी होत्या. दोनशे बारा थोरल्यांचे होते.

तिनं दहावं कार्ड ओढलं. "पान", आणि हात थबकला. दोनशे बाराबद्दल शंका उरली नव्हती. तारा लिहायचा का? टाइप होताना तो होता. पण टाइप आधी झालं असेल आणि तिचं "हो" त्यानंतरचं असेल तर? एखाद्यानं डोळ्यांनी पाहिलं की तारा खोडायचा, नियमच तो. त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला असेल तर खोडरबर फिरला असेल, आणि तिथं आज काही नसेल. तिनं एका चिठ्ठीवर लिहिलं, तारा नंतर खोडलेला असण्याची शक्यता आहे. लिहिलेलं वाचलं आणि चिठ्ठी फाडली. असं अर्धं अंग चोरून पैज लावायची नव्हती. तिला त्यांनी वर केलेली मान आठवली, ती नजर, जिला ती एकतीस वर्षं नुसता धाक समजत आली होती. तिनं शाईनं दोनशे बारा लिहिलं, मग पेन्सिल घेतली आणि आकड्याच्या अलीकडे तारा काढला.

चार वाजता डॉक्टरीणबाईंच्या खोलीत चौघं होती, ती, संपादक, बाई स्वतः, आणि सुतार, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं. टेबलावर टिपकागदांची चळत होती आणि हाडाची पातळ पट्टी. संपादकांनी पाकीट फोडलं, दहा कार्डं ओळीनं मांडली, सत्तावन्नाव्यावर थबकले.

"मॅडम, पानाच्या आकड्यापुढे तारा?"

"हो."

"आकडा तरी बरोबर आहे ना?"

"नाही. चूक आहे. बरोबर दोनशे एकवीस. पण तिथं दोनशे बारा असेल."

त्यांनी कार्ड परत ओळीत ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सरकवली. पन्नासावं सुटलं, जुळलं. एकावन्न जुळलं, स्वल्पविरामासकट. बावन्नाव्यावर तिनं लिहिलेलं एक "पाहा" जास्त निघालं, आणि संपादकांनी ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांच्या आवाजात कुरापत नव्हती, उत्सुकता होती. त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न. सत्तावन्नावं वर आलं तेव्हा सगळेच पुढे वाकले. शाई पसरून आभाळासारखी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी दिवा आडवा धरला आणि त्या आभाळात म्हातारी उमटली, बर्फ उमटला, आई उमटली, मग "पान". मग दोनशे बारा. आणि आकड्याच्या अलीकडे, शाईच्या सगळ्या पसाऱ्यात एकटा, पाण्यानं केसभरही न हललेला, करकरीत काळा, पेन्सिलचा तारा.

"पेन्सिलला पाणी लागत नाही," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

सुतार आणखी वाकून दिव्याखाली पाहू लागला. तिच्या मनात मात्र एवढा गलका उठला होता की तो बाकीच्यांना कसा ऐकू येत नाही याचं तिला नवल वाटलं. जिंकली ती, पद्धत जिंकली, वेझेति जिंकलं, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक लहानशी गोष्ट होती जी तिच्याशिवाय कुणाला कळणार नव्हती. त्यांनी खोडला नव्हता. त्यांनी मान वर केली, "हो" म्हणणाऱ्या मुलीकडे पाहिलं, सगळं ओळखलं, कार्डं ओढून घेतली, आणि तारा तसाच ठेवला. रागावले नाहीत, तिला कामावरून काढलं नाही. कधीतरी ती शिडी चढेल, तोवर राहू दे, एवढंच. बुटातला खडा कुठे गेला ते तिला कळलंच नाही.

अठ्ठावन्न आणि एकोणसाठही जुळली. "चार पानं," संपादक म्हणाले.  "तक्त्यासकट. पण बावन्नाव्यावर एक 'पाहा' जास्त आहे, मॅडम, तेवढं मी लक्षात ठेवणार."

"ठेवा की. तेवढंच माझं."

"बाईंना मी तेव्हाच म्हणालो होतो," सुतार म्हणाला, "बाकीचं सगळं ठणठणीत आहे." तो काय म्हणाला होता ते कुणाला आठवत नव्हतं, पण सगळे हसले.

निघण्याआधी ती एकटीच उलट्या सूचीच्या खणापाशी गेली. टाइपचं सत्तावन्नावं कार्ड काढलं, दौतीत टाक बुडवला आणि खटखटबाईंनी सोडलेल्या जागेत तारा भरला, पाच टोकांचा. जागा बरोबर पुरली. मग, पान आता डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणून, खाली बारीक अक्षरात लिहिलं, दोनशे एकवीस, पाहिले. शाई वाळेपर्यंत ती थांबली. खण मनगटाच्या एका झटक्यात बंद झाला.

फाटकापाशी नवरा उभा होता. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. उतरत्या उन्हात दोघं चालू लागली. तो भाजीबद्दल बोलत होता, वांगी कशी निघाली, दुकानदार कसा निर्लज्ज, आणि ती मनात म्हणत होती, वेझों, वेझेशि, वेझेति, आणि मग त्या दोघांसाठी राखून ठेवलेलं, वेझेवे. चपलांच्या दुकानाचा कोपरा आला. बोलण्याच्या नादात तो आज तसाच पुढे निघाला. तिनं त्याची बाही धरली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "इथं थांबा आहे."